शहर ही परिसंस्था आहे म्हणजे नेमकं काय? मुंबईच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘शहर ही एक परिसंस्था आहे’ हे वाक्य आता पर्यावरण दिनाच्या भाषणांतही ऐकू येतं आणि बहुतेक वेळा चार झाडं लावून संपतं. माणूस आणि त्याचा भोवताल यांचं नातं तपासणाऱ्या मानवी परिस्थितिकी या अभ्यासशाखेला त्यापेक्षा बरंच काही म्हणायचं आहे. खालची उत्तरं मुख्यतः मुंबईबद्दल आहेत, कारण या विषयातला जवळजवळ प्रत्येक वाद या शहरात कधी ना कधी रस्त्यावर आलेला आहे.

शहर म्हणजे सिमेंट आणि डांबर. त्याला परिसंस्था कसं म्हणायचं?

परिसंस्था म्हणजे जीव, त्यांच्याभोवतीचं निर्जीव जग आणि या दोघांत सतत चालणारी देवाणघेवाण. ही कल्पना ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली मांडली, आणि त्याच लेखात माणसाच्या उद्योगांना निसर्गाच्या हिशेबाबाहेर ठेवायला नकार दिला. त्यामुळे शहराला ही कल्पना लावणं म्हणजे ओढूनताणून केलेली उपमा नव्हे.

फरक आहे तो अंतराचा. जंगलात पान जिथे पडतं तिथेच कुजतं आणि त्याच मातीत परत जातं. मुंबईचा भाजीपाला नाशिक-पुण्याकडून वाशीच्या बाजारात येतो, दूध कोल्हापूर आणि गुजरातमधून येतं, पाणी ठाणे, पालघर आणि नाशिकच्या डोंगरांतून येतं. यातलं काहीही त्या मातीत परत जात नाही. शहर लांबून ओढतं आणि लांब फेकतं. ते कुठून ओढायचं आणि कुणाच्या दारात फेकायचं, हे मात्र माणसं ठरवतात, बहुधा बंद खोलीत बसून. पुढच्या बहुतेक उत्तरांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

मानवी परिस्थितिकी हा विषय आला कुठून?

शिकागोमधून. १८४० साली पाच हजारही वस्ती नसलेलं हे गाव १८९० पर्यंत दहा लाखांच्या पुढे गेलं होतं. एवढ्या वेगाने वाढणारं शहर डोळ्यांसमोर असताना तिथल्या विद्यापीठातल्या रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस आणि रॉडरिक मॅकेन्झी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात वनस्पतींच्या अभ्यासातले शब्द शहराला लावले: स्पर्धा, वर्चस्व, आक्रमण, अनुक्रमण. माळरानावर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं येतात, तसं एखाद्या वस्तीत एक समूह जाऊन दुसरा येतो, असं त्यांचं म्हणणं. पार्क हे आधी पत्रकार होते. विद्यार्थ्यांना वाचनालयातून उठवून रस्त्यावर पाठवण्याची त्यांची सवय त्यातूनच आली असावी.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे, आणि मला तो जास्त रोचक वाटतो. पॅट्रिक गेडिस हे मुळात जीवशास्त्रज्ञ. १९१४ पासून ते भारतातल्या शहरांची पाहणी करत होते आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहरावर कुऱ्हाड चालवण्याआधी त्याची तपासणी करा, जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, लागेल तेवढीच नाजूक शस्त्रक्रिया करा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर विभागाची सूत्रं आली मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. घुर्यांचा ओढा जात आणि संस्कृतीच्या अभ्यासाकडे गेला. लखनऊला राधाकमल मुखर्जी मात्र माणूस आणि प्रदेश यांच्या नात्यावर लिहीत राहिले.

बर्जेसची ती प्रसिद्ध वलयं मुंबईला लागू होतात का?

फारशी नाहीत. शहर मध्यापासून एकाबाहेर एक वलयांनी पसरतं, असं बर्जेस यांचं म्हणणं. मध्यभागी व्यापार, त्याभोवती मोडकळीला आलेली संक्रमणाची वस्ती, मग कामगार, मग मध्यमवर्ग, सगळ्यात बाहेर रोज ये-जा करणारे, असं ते चित्र होतं. मुंबईला तीन बाजूंनी पाणी, त्यामुळे वलयं पसरायला जागाच नाही. शहर रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेला लांबत गेलं. इथे श्रीमंत बाहेर गेले नाहीत, मलबार हिलवरच राहिले. गिरण्या परळ-लालबागला, म्हणजे आजच्या बेटाच्या ऐन मध्यावर.

शिवाय बर्जेसच्या चित्रात जमीन ज्याला परवडेल त्याला मिळते. मुंबईत भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही विचारा, पैशांच्या आधी आडनाव विचारलं जातं. पारशी बाग, दादरची हिंदू कॉलनी, अमुक समाजाची सोसायटी, तमुक समाजाची चाळ हे सगळं निव्वळ भावाच्या गणिताने घडलेलं नाही. वॉल्टर फायरी या अमेरिकी अभ्यासकाने १९४० च्या दशकात बोस्टनबद्दल हाच आक्षेप घेतला होता: लोक जागेला किंमत देतात तशी प्रतिष्ठा आणि आठवणसुद्धा चिकटवतात, आणि मग बाजाराचा नियम वाकतो.

शहराचं चयापचय म्हणजे काय? ते मोजतात कसं?

आत काय किती येतं आणि बाहेर काय किती जातं, याचा जमाखर्च. अमेरिकी अभियंते एबल वोलमन यांनी १९६५ साली दहा लाख वस्तीच्या एका कल्पित अमेरिकी शहराचा असा हिशेब मांडला. रोज आत येणार सव्वासहा लाख टन पाणी, दोन हजार टन अन्न आणि साडेनऊ हजार टन इंधन. बाहेर जाणार पाच लाख टन सांडपाणी, दोन हजार टन कचरा आणि साडेनऊशे टन हवेतलं प्रदूषण. डोळ्यांत भरते ती एक गोष्ट: वजनाने पाहिलं तर शहर म्हणजे मुख्यतः वाहतं पाणी.

मुंबईचा हिशेबही तसाच आहे. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, म्हणजे सुमारे ३९ लाख टन. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) शहराच्या हद्दीतच आहेत. १८९२ मध्ये तानसा आलं, पुढे मोडक सागर, अप्पर वैतरणा आणि भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. प्रत्येक पिढीत तहान वाढली आणि जलवाहिनी आणखी आत डोंगरात गेली.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवा. ती शहराची सरासरी सांगते. टॉवरमधला पोहण्याचा तलाव आणि वस्तीतला पहाटे चारला तासभर येणारा नळ तिच्या लेखी एकाच रकान्यात असतात.

पाणी शहापूरच्या धरणांतून येतं, तर शहापूरलाच उन्हाळ्यात टँकर का लागतो?

हा प्रश्न वाचक सगळ्यात जास्त चिडून विचारतात, आणि चिडावं अशीच गोष्ट आहे. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. पाऊस तिथे धो धो पडतो. पण सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाणी फार मुरत नाही, उतारावरून धावत सुटतं, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसतो. इथपर्यंतचा भाग भूगोलाचा.

पुढचा भाग भूगोलाचा नाही. धरण बांधताना पाणी कुणासाठी राखीव हे ठरलं. जलवाहिनी कुठे न्यायची ते ठरलं. धरणाच्या पाण्यापेक्षा उंचावर असलेल्या पाड्यांपर्यंत ते उपसून न्यायचं की नाही, हेही ठरलं, किंवा वर्षानुवर्षं न ठरवता तसंच राहिलं. मानवी परिस्थितिकीच्या नजरेने पाहिलं तर शहापूर हा मुंबईच्या परिसंस्थेचाच अवयव आहे. फक्त मुंबईच्या महापालिकेत त्याचा नगरसेवक नाही.

मग सांडपाणी आणि कचरा कुठे जातो?

सांडपाणी कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप इथल्या केंद्रांमधून समुद्रात किंवा खाडीत जातं. वरळी आणि वांद्र्याला तर ते तीन किलोमीटरहून आत समुद्रात नेऊन सोडलं जातं. अनेक वस्त्यांचं सांडपाणी या व्यवस्थेत येतच नाही, ते थेट नाल्यात जातं.

कचऱ्याची गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहराचा कचरा आगगाडीने चेंबूरकडे जायचा. कुर्ला-चेंबूर रूळ मुळात त्यासाठीच टाकले गेले. १९२७ पासून देवनार. तेव्हा ते गावाबाहेर होतं, आज गोवंडी-शिवाजीनगरची दाट वस्ती त्याला खेटून आहे. २०१६ च्या सुरुवातीला देवनारला आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता.

जंगलात कुजवण्याचं काम बुरशी आणि किडे करतात. शहरात ते काम कचरावेचक, भंगारवाले आणि धारावीतले प्लास्टिक दळणारे करतात, फक्त त्यांना फुप्फुसं असतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत (१९९३) आणि त्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था यांनी या कामाला ओळखपत्र आणि घरोघरचं रीतसर काम मिळवून दिलं. शहराच्या परिसंस्थेत झालेला हा बदल मला कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

बिबटे, फ्लेमिंगो, गिधाडं यांचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, आणि चहूकडून वस्तीने वेढलेलं. तिथला बिबट्या हरणांबरोबर उद्यानाच्या कडेला फिरणारी भटकी कुत्रीही खातो. कुत्री तिथे असतात कारण उघड्यावर कचरा असतो. म्हणजे कचरा, कुत्रा, बिबट्या अशी साखळी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री मारतात आणि त्यामुळे आसपासच्या माणसांना कुत्री चावण्याचं प्रमाण कमी राहतं. तिथल्या पाड्यांवरच्या वारली लोकांना बिबट्या शेजारी असण्याचं नवल नव्हतंच, त्यांचा वाघोबा हा देव कधीपासूनचा आहे. घाबरले ते नव्या इमारतींतले रहिवासी.

ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो थव्यांनी येतात. शहराच्या सांडपाण्यातली पोषकद्रव्यं खाडीत जातात, त्यावर शेवाळ वाढतं आणि लहान फ्लेमिंगो ते खातात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. खाडीचा तो भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. यावरून ‘सांडपाणी चांगलं’ असा निष्कर्ष काढू नका. जेवण भरपूर मिळणं आणि जागा निरोगी असणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गिधाडांची साखळी उलटी फिरली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे अंत्यसंस्कार गिधाडांवर अवलंबून होते. १९९० च्या दशकात भारतभर गिधाडं झपाट्याने मेली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांपर्यंत पोचत होतं, हे कळायला २००४ उजाडलं. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर डुंगरवाडीत मृतदेहांवर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणं बसवायची वेळ आली होती. कुठल्या तरी गोठ्यात टोचलेलं इंजेक्शन मुंबईतल्या एका समाजाचे अंत्यविधी बदलून गेलं.

रोगराई समजून घ्यायला हा दृष्टिकोन कामाला येतो का?

१८९६ ची प्लेगची साथ हे त्याचं ठळक उदाहरण. सप्टेंबरात मांडवीत मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. जहाजं, धान्य, उंदीर, पिसवा आणि गोदामांच्या वरच्या मजल्यांवर दाटीने राहणारी माणसं. उंदरावरची पिसू रोग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं, पण ते पटायला अनेक वर्षं गेली. तोपर्यंत सरकारची समजूत अशी होती की रोग घाणीत आणि कोंदट हवेत आहे.

म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, समुद्राची हवा आत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. ज्यांची घरं गेली ते शेजारच्या चाळींत शिरले आणि तिथली दाटी वाढली. उंदरांचं काही बिघडलं नाही. परिसंस्था चुकीची वाचली की उपायाची किंमत कोण मोजतं, ते इथे दिसतं.

आजचं उदाहरण मलेरियाचं. शहरी मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो: गच्चीवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावर साठवलेलं पाणी. त्यामुळे मोठं बांधकाम चालू असतं तिथे पालिकेचे कीटकनाशक खात्याचे लोक फेऱ्या मारताना दिसतात.

२६ जुलै २००५ चा पूर नैसर्गिक होता की मानवनिर्मित?

पाऊस नैसर्गिक होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्यात भरती. एवढ्या पावसाने कुठलंही शहर तुंबलं असतं, हे मान्य करायला हवं. पण पाणी कुठे तुंबलं आणि किती वेळ, याची उत्तरं मिठी नदीच्या काठाने चालत गेलात तर सापडतात. विहार आणि पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची ही नदी. तिच्यावर विमानतळाची धावपट्टी आली, काठावर कारखाने आणि झोपड्या आल्या, आणि जिथे ती पसरायची त्या खाजणात भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. शहराची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती.

पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. वाहिन्यांची क्षमता वाढवणं, पाणी उपसणारी उदंचन केंद्रं बांधणं ही कामं झाली, काही अजून चालू आहेत. काठावरच्या झोपड्या अनेकदा हटल्या. संकुलातल्या काचेच्या इमारती हलवा असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही, आणि त्याही त्याच खाजणात आहेत.

गिरणगावाचं झालं ते अनुक्रमणच ना? जुनं गेलं, नवं आलं.

वरवर पाहिलं तर पाठ्यपुस्तकात छापावं इतकं नेटकं. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी, मग परळ-लालबाग-शिवडीपर्यंत भोंग्यांचं राज्य. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्या जागी मॉल आणि मनोरे.

पण मधली पायरी पाहा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम सांगत होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. शहराला मिळू शकणारी शेकडो एकर जमीन हातची गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला. माळरानावर गवताच्या जागी झुडूप येतं तेव्हा कुठल्याही मंत्रालयात फाईल फिरत नाही.

म्हणजे ही सगळी भाषाच फसवी आहे का?

भाषा उपयोगी आहे, जपून वापरली तर. प्रवाह, साखळ्या, परिणामांची लांबी हे दाखवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. धोका ‘नैसर्गिक’ या शब्दात आहे. स्पर्धेत टिकला तो राहिला, असं म्हटलं की कोळीवाडा आक्रसणंही ऋतुचक्रासारखं वाटायला लागतं. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या वेळी हे मानलं नाही. पुलाच्या दोन खांबांत साठ मीटर अंतर ठेवलं तर आमच्या होड्या जायच्या कशा, असं म्हणत त्यांनी काम अडवून धरलं, आणि २०२२ च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. भरतीचा जोर, वारा आणि खडक यांची त्यांची माहिती हीसुद्धा परिस्थितिकीच, फक्त ती शोधनिबंधात नव्हती.

कोकणातली गावं मुंबईच्या परिसंस्थेत धरायची का?

नक्की धरायची. गिरणी कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून आला. पुरुष गाळ्यात पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि गावाला मनीऑर्डर पाठवायचे. बायकामुलं आणि म्हातारीकोतारी गावी, शेती त्यांच्या हातात. आजारी पडलं, संप झाला, म्हातारपण आलं की चाकरमानी गावी परत. गिरणीला पगार कमी ठेवणं परवडलं, कारण कामगाराचं बालपण, आजारपण आणि म्हातारपण यांचा खर्च कोकणातली भातशेती आणि तिथल्या बायका सोसत होत्या. शहराच्या चयापचयाच्या कोष्टकात हा रकाना क्वचितच असतो.

शहर परजीवी असतं, असं म्हणतात. खरं आहे?

युजीन ओडम या परिस्थितिकीतज्ज्ञांनी शहराला तसं म्हटलं आहे, आणि ऊर्जेच्या हिशेबात ते चूक नाही. पण शहरात एक जलवाहिनी, एक लोकल आणि एक इस्पितळ लाखोंना पुरतं, हेही खरं. मला हा वाद फार पुढे नेण्यासारखा वाटत नाही. शहापूरचा टँकर कधी बंद होईल, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

मुंबई सोडून बाकीच्या शहरांचं काय?

पुण्यात हेच नाट्य खडकवासल्याच्या पाण्यावरून होतं. शहर जास्त पाणी उचलतं तेव्हा दौंड-इंदापूरच्या कालव्याचं आवर्तन लांबतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या काही महिन्यांत लातूरच्या परिसंस्थेची हद्द कृष्णाकाठापर्यंत गेली होती. मध्यम शहरांचा अभ्यास करणं खरं तर सोपं, कारण धागे कमी आणि माणसं ओळखीची असतात.

मला माझ्या शहरापासून सुरुवात करायची आहे. कशी करू?

एकच प्रवाह निवडा आणि तो दोन्ही टोकांना गाठा. पाणी घेतलंत तर धरणाच्या काठच्या गावात जाऊन बोला, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याशी बोला, आणि नाला जिथे नदीला मिळतो तिथे उभे राहा. चावीवाल्याला कुठल्या गल्लीत किती वेळ पाणी जातं ते तोंडपाठ असतं. कुणाला जास्त आणि कुणाला कमी, हे प्रत्येक टप्प्यावर लिहा, आणि ते कुणी आणि कधी ठरवलं याचा कागद शोधा.

महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांना दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढावा लागतो. पाणी, सांडपाणी, कचरा, झाडं, हवा यांचे आकडे त्यात असतात. ते तुमच्या नोंदींशी ताडून पाहा. अहवाल संकेतस्थळावर नसेल तर पालिकेच्या पर्यावरण विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.